१६ किलोबाइटमधली भीती

'थ्रीडी मॉन्स्टर मेझ' या जुन्या संगणक-खेळाचे गुणदोष

पुस्तकाचे परीक्षण आपण वाचतो, नाटकाचे आणि चित्रपटाचेही वाचतो. संगणकावरच्या खेळांबद्दल मात्र शिक्षकांच्या खोलीत बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक, या खेळांनी मुले बिघडतात. दुसरे, या खेळांनी मुले चलाख होतात. खेळ कोणता, त्यात खेळणाऱ्याला नेमके काय करायचे असते, तो नीट रचलेला आहे की कसाबसा, हे विचारायच्या आतच निकाल लागलेला असतो. त्यातही खेळ भीतीचा असेल तर चर्चाच होत नाही.

पण भीतीचे खेळ मुलांना आवडतात ही गोष्ट खरी आहे, आणि ती संगणकाच्या कितीतरी आधीपासूनची आहे. दिवे गेल्यावर भुताच्या गोष्टी सांगणे, डोळ्यांवर पट्टी बांधून आंधळी कोशिंबीर खेळणे, यांतही थोडी भीती असतेच. तेव्हा एखादा भीतीचा खेळ घेऊन, पुस्तकाचे करतो तसे त्याचे परीक्षण करून पाहायला काय हरकत आहे? त्यासाठी खेळ मुद्दाम अगदी साधा निवडला आहे. इतका साधा, की त्याचे सगळे भाग सुटे करून पाहता येतात.

यंत्र आणि खेळ

मार्च १९८१ मध्ये ब्रिटनमधल्या सिंक्लेअर कंपनीने 'झेडएक्स ८१' नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. तयार यंत्राची किंमत ६९ पौंड ९५ पेन्स होती. सुटे भाग घेऊन स्वतः जोडायची तयारी असेल तर ४९ पौंड ९५ पेन्स. (आपल्याकडच्या काही ज्येष्ठ शिक्षकांना 'बीबीसी मायक्रो' आठवत असेल. १९८४ साली सुरू झालेल्या 'क्लास' प्रकल्पातून तो भारतातल्या निवडक शाळांत आला होता. तोही मूळचा १९८१ चाच, पण झेडएक्स ८१ च्या मानाने फारच श्रीमंत.) झेडएक्स ८१ मध्ये रंग नव्हते. आवाज नव्हता. पडदा म्हणजे घरचाच दूरदर्शन संच. त्यावर चित्र काढायचे तर आडवे ६४ आणि उभे ४८ असे काळे-पांढरे ठोकळे मांडायचे. आतली स्मृती होती फक्त १ किलोबाइट. मागच्या बाजूला वेगळी डबी खोचली की ती १६ किलोबाइट होई. प्रोग्रॅम साध्या ध्वनिफितीवर मिळायचा आणि टेपरेकॉर्डरवरून तो यंत्रात उतरवायला कित्येक मिनिटे लागायची.

१६ किलोबाइट म्हणजे किती? १६,३८४ बाइट. आजच्या संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह साठवायला साधारणपणे ३ बाइट लागतात. म्हणजे पाच हजारांच्या आसपास चिन्हे झाली की जागा संपली. काना, मात्रा, वेलांटी ही सगळी वेगळी चिन्हे मोजायची. तुम्ही वाचत असलेला हा लेख त्या स्मृतीत पुरता मावणार नाही.

एवढ्याशा जागेत माल्कम इव्हान्स या ब्रिटिश प्रोग्रॅमरने १९८१ साली 'थ्रीडी मॉन्स्टर मेझ' हा खेळ लिहिला. मूळ कल्पना जे. के. ग्रे यांची. १९८२ च्या सुरुवातीला त्यांच्याच कंपनीने तो विक्रीला आणला. घरगुती संगणकावरच्या पहिल्या त्रिमितीय खेळांत त्याची गणना होते. पुढे ज्या प्रकाराला 'सर्व्हायव्हल हॉरर', म्हणजे भीतीतून जीव वाचवण्याचे खेळ, असे नाव पडले, त्याच्या पूर्वजांतही हा खेळ मोजला जातो. हे नाव रूढ झाले १९९६ च्या 'रेसिडेंट ईव्हिल' या जपानी खेळामुळे, म्हणजे तब्बल पंधरा वर्षांनी.

खेळ असा आहे. १६ गुणिले १८ घरांचा एक भुलभुलैया. तो दर वेळी नव्याने तयार होतो. आपण त्याच्या आत उभे असतो. वरून नकाशा दिसत नाही, समोरची बोळ तेवढी दिसते. भुलभुलैयाला बाहेर पडायचे दार एकच. आत कुठेतरी टायरॅनोसॉरस रेक्स आहे आणि तो आपल्याला शोधतो आहे. आपल्या हाती तीन कळा: डावीकडे वळा, उजवीकडे वळा, पुढे चला. शस्त्र नाही, लपायला जागा नाही. दार सापडले तर सुटलो, नाहीतर रेक्स पडदा भरून टाकतो आणि डाव संपतो.

पहिला गुण : न ऐकू येणारा आवाज

या खेळातली सर्वांत हुशारीची गोष्ट पडद्याच्या तळाशी आहे. तिथे एकेक ओळ उमटते. सुरुवातीला कळते की रेक्स दबा धरून बसला आहे. मग तो तुम्हाला शोधतो आहे असे येते. मग पावले जवळ येत आहेत. मग त्याने तुम्हाला पाहिले आहे. आणि शेवटी, पळा, तो तुमच्या मागे आहे किंवा अगदी शेजारी आहे.

यंत्रातून आवाज निघत नाही, तरी पावले ऐकू येतात ती अशी. आवाज काढायची सोयच नसल्यामुळे लेखकाने ते काम शब्दांवर सोपवले आणि उरलेले काम खेळणाऱ्याच्या डोक्याने केले. भुताची गोष्ट सांगणारी आजी हेच करते. भूत कसे दिसते ते ती सांगत नाही. जिन्यावर काय वाजले ते सांगते.

चित्रपट दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी दचकणे आणि धास्ती यांतला फरक एका उदाहरणाने समजावला होता. टेबलाखाली बॉम्ब आहे आणि तो एकदम फुटला, तर प्रेक्षक क्षणभर दचकतात. बॉम्ब आहे हे प्रेक्षकांना आधी कळले आणि टेबलाभोवतीची माणसे निवांत गप्पा मारत राहिली, तर प्रेक्षक पुढची पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून बसतात. भीती टिकवायची असेल तर प्रेक्षकाला माहिती द्यावी लागते. मॉन्स्टर मेझ नेमके हेच करतो. रेक्स नजरेस पडण्याच्या कितीतरी आधी तो आपल्या मनात येऊन बसतो.

दुसरा गुण : अंतर आणि आकार

समोरच्या बोळीत रेक्स दिसू लागतो तेव्हा तो छोटा असतो. मग मोठा होत जातो. प्रोग्रॅममध्ये त्याची लहानमोठ्या आकारांची थोडीच चित्रे आहेत, आणि तीही ओबडधोबड ठोकळ्यांची. तरी ती अंगावर येतात. का, याचे उत्तर भूमितीत आहे.

वस्तू जितकी दूर, तितकी ती लहान दिसते. अंतर दुप्पट झाले की दिसणारी उंची निम्मी होते, तिप्पट झाले की तिसरा हिस्सा. समजा, एक घर अंतरावर असताना एखादी आकृती पडद्यावर २४ एकक उंच दिसते. मग २ घरांवर ती १२ एकक, ३ घरांवर ८, ४ घरांवर ६, ५ घरांवर ४.८ आणि ६ घरांवर ४ एकक दिसेल. आता ही आकृती सहाव्या घरापासून आपल्याकडे सारख्या वेगाने चालत येते आहे असे समजा. सहाव्या घरापासून दुसऱ्या घरापर्यंतच्या चार पावलांत तिची उंची ४ वरून १२ होते, म्हणजे ८ एककांनी वाढते. शेवटच्या एकाच पावलात ती १२ वरून २४ होते, म्हणजे १२ एककांनी वाढते. आधीच्या चार पावलांत मिळून झाली त्याहून जास्त वाढ त्या एका पावलात! वेग तोच आहे, पण डोळ्यांना झेप घेतल्यासारखे वाटते.

झपाट्याने मोठ्या होणाऱ्या आकृतीला घाबरणे हे आपल्यात फार खोलवर रुजलेले आहे. १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ऱ्हीसस माकडांसमोर पडद्यावर एक सावली झपाट्याने मोठी केली गेली. माकडे दचकून मागे सरली. तीच सावली लहान करत नेली तेव्हा ती तशी घाबरली नाहीत. समोर खरी वस्तू नव्हतीच, वाढत जाणारा काळा डाग तेवढा होता. मॉन्स्टर मेझमधला रेक्स म्हणजे तरी दुसरे काय? चित्र हुबेहूब असण्याची गरज नव्हती. त्याची वाढ बरोबर असणे पुरेसे होते.

इथे एक शास्त्रीय आक्षेप घेता येईल. खऱ्या टायरॅनोसॉरसला असे धावता येत होते का? २००२ साली हचिन्सन आणि गार्सिया यांनी गणिताने दाखवले, की त्या आकाराच्या प्राण्याला फार वेगाने धावायचे तर पायांत अशक्य वाटावेत इतके स्नायू लागतील. तेव्हा तो बहुधा भरभर चालणारा होता, दौडणारा नव्हे. पण हा खेळाचा दोष मानू नये. अवघ्या काही ठोकळ्यांत पाहताक्षणी ओळखू यावा असा भीतिदायक प्राणी हवा होता. मोठे डोके, दात आणि दोन पाय एवढ्यावर ओळख पटते. मुलांनी खेळ पाहिला तर हा वेगाचा प्रश्न वर्गात जरूर काढावा. गुण मात्र त्यावरून कापू नयेत.

तिसरा गुण : हात रिकामे

खेळातल्या तीन कळांपैकी एकही मारण्याची नाही. त्या काळातल्या बहुतेक खेळांत समोर येणाऱ्यावर गोळी झाडायची असे. इथे झाडायला काही नाही. त्यामुळे समोरचा प्राणी हे 'लक्ष्य' राहत नाही, संकट होते. भीती आणि राग यांत एक जुने नाते आहे. प्रतिकाराचे साधन हाती असले की भीतीचे रागात रूपांतर व्हायला वेळ लागत नाही. लेखकाने ते दारच बंद केले. पुढच्या काळात भीतीचे जे खेळ नावाजले गेले, त्यांतल्या अनेकांनी शस्त्र एक तर काढून टाकले किंवा गोळ्या इतक्या मोजक्या ठेवल्या की प्रत्येक गोळीचा हिशोब करावा लागावा.

आता दोष

एवढे गुण असूनही पाच-सहा डावांनंतर खेळाची पकड सैल होते. खेळणाऱ्याला सवय होते हे झालेच, पण ती इतक्या लवकर का होते? त्याची तीन कारणे खेळाच्या रचनेतच आहेत.

पहिले कारण, त्या भुलभुलैयात खुणा नाहीत. प्रत्येक भिंत दुसरीसारखी, प्रत्येक वळण आधीच्यासारखे. माणूस वाट लक्षात ठेवतो ती खुणांवरून: पिंपळ आला की डावीकडे, गिरणीनंतर उजवीकडे. एडवर्ड टोलमन या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली असे मांडले, की भुलभुलैयात फिरणारा उंदीरसुद्धा नुसती वळणे पाठ करत नाही, डोक्यात परिसराचा नकाशा तयार करतो. नकाशा करायला आधार लागतो. मॉन्स्टर मेझ तो आधार देत नाही. बरे, महत्प्रयासाने डोक्यात नकाशा झालाच, तरी पुढच्या डावाला भुलभुलैया नवा. मागच्या डावात जे कळले ते पुढच्या डावात कामाला येत नाही. नावीन्यासाठी शिकण्याची संधी घालवली, असा हा सौदा आहे.

दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. ज्या सूचनांचे वर कौतुक केले, त्यांतच हा दोष दडलेला आहे. पावले जवळ येत आहेत, हे कळते. पण कुठून? ते कळत नाही. चौकटीच्या कागदावर हे मोजून पाहता येते. आपण एका घरात उभे आहोत आणि आडव्या-उभ्या घरांनीच चालायचे आहे. बरोबर १ घर अंतरावर किती घरे आहेत? ४. बरोबर २ अंतरावर? ८. बरोबर ३ अंतरावर? १२. अंतर 'अ' असेल तर घरे ४अ. मोकळ्या मैदानात 'रेक्स ३ घरांवर आहे' एवढेच सांगितले, तर तो बारांपैकी कुठल्याही घरात असू शकतो. भिंतींमुळे काही शक्यता बाद होतील, पण कुठल्या, ते नकाशा नसलेल्या खेळणाऱ्याला कसे कळावे? सूचना छाती धडधडायला लावते, पण पाऊल कुठे टाकावे ते सांगत नाही. दिशा कळते ती अगदी शेवटी, तो मागे किंवा शेजारी आल्यावर. तोवर ठरवायला फारसे काही उरलेले नसते. उरते फक्त पळणे.

तिसरे कारण, नशिबाचा वाटा मोठा आहे. ज्या भुलभुलैयात कुठेही वळसा नसतो, त्यात कोणत्याही दोन जागांमध्ये वाट एकच असते. त्या वाटेत रेक्स उभा राहिला तर हुशार खेळाडू आणि अडाणी खेळाडू यांची गत सारखीच. वळसे जितके जास्त, तितकी हुलकावणी देण्याची संधी जास्त. यादृच्छिक रीतीने रचलेल्या भुलभुलैयात हे प्रमाण त्या त्या डावाच्या नशिबावर राहते. त्यामुळे हरल्यावर 'माझे कुठे चुकले?' या प्रश्नाला बरेचदा उत्तरच नसते. आणि ज्या हरण्यातून काही शिकता येत नाही, ते हरणे चारदा गोड लागते, पाचव्यांदा कंटाळवाणे.

नंतरच्यांनी काय केले?

हे दोष त्या १६ किलोबाइटचे होते की रचनेचे? तपासायला एक नंतरचा, पण तितकाच साधा खेळ पाहू. २०१२ साली मार्क हॅडली यांनी 'स्लेंडर : द एट पेजेस' हा खेळ विनामूल्य प्रसिद्ध केला. सांगाडा तोच. अंधारे रान, हातात फक्त टॉर्च, शस्त्र नाही, आणि मागावर चेहरा नसलेला एक उंच माणूस. रानात विखुरलेले आठ कागद गोळा करायचे.

इथे दोन गोष्टी बदलल्या आहेत. रानात खुणा आहेत: एक टाकी, एक बोगदा, एक पडकी इमारत, एक मोठे झाड. कागद अशाच जागी सापडतात. त्यामुळे खेळणारा हळूहळू परिसर ओळखू लागतो आणि पुढच्या डावात 'आधी बोगद्याकडे जाऊ' असे ठरवू शकतो. दुसरे, प्रत्येक कागदाबरोबर मागावरचा माणूस जास्त आक्रमक होतो. म्हणजे यश जितके जवळ, तितका धोका मोठा. मॉन्स्टर मेझमध्ये नसलेली चढण इथे आहे. यासाठी काही जादा स्मृती लागली असती असे नाही. १६ गुणिले १८ म्हणजे २८८ घरे. त्यांतल्या दहा घरांच्या भिंतींवर वेगवेगळ्या खुणा काढायच्या तर घराचा क्रमांक आणि खुणेचा प्रकार धरून काही डझन बाइट पुरले असते. तेव्हा खुणांचा अभाव हा यंत्राचा दोष म्हणून सोडून देता येणार नाही.

'स्लेंडर'चा स्वतःचा दोष वेगळा. त्याचा बराच भर एकदम समोर येणाऱ्या चेहऱ्यावर आणि कर्कश आवाजावर आहे. दचकणे ही प्रतिक्षिप्त क्रिया आहे. पाठीमागे फुगा फुटला तरी आपण दचकतो, त्याला भीती म्हणत नाहीत. वारंवार दचकवले की त्याचा जोर ओसरतो. याबाबतीत एकतीस वर्षांपूर्वीचा मुका खेळ सरस ठरतो. त्याच्याकडे किंकाळी नव्हती, म्हणून त्याने कुजबूज वापरली.

भीती आणि शिकणे

हे सगळे शिक्षकांनी का वाचावे? कारण वर सांगितलेला दुसरा दोष शाळेच्या ओळखीचा आहे.

१९०८ साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला. दोन वाटांपैकी योग्य वाट निवडायची. चुकीच्या वाटेवर विजेचा झटका. दोन्ही वाटांतला फरक ठळक होता, तेव्हा झटका जोरदार असला की उंदीर लवकर शिकले. फरक ओळखणे अवघड केले, तेव्हा मात्र जोरदार झटक्याने शिकणे मंदावले. अवघड कामासाठी सौम्य झटकाच जास्त उपयोगी ठरला. या जुन्या आणि मोजक्या उंदरांवरच्या प्रयोगावरून माणसांसाठी सरसकट नियम काढणे बरोबर नाही. पुढे लोकप्रिय पुस्तकांतून तसे बरेच झाले. पण एवढे त्यातून दिसते, की 'थोडा धाक हवाच' या वाक्यात 'कशासाठी' हा शब्द राहून जातो. काम कोणते आहे यावर बरेच काही अवलंबून असते.

मॉन्स्टर मेझ यात आणखी एका गोष्टीची भर घालतो. भीती किती आहे एवढेच पाहून चालत नाही. तिच्याबरोबर काय सांगितले जाते, तेही पाहावे लागते. 'परीक्षा जवळ आली, अभ्यास करा' ही सूचना पावले जवळ येत आहेत अशा जातीची आहे. अंतर सांगते, दिशा सांगत नाही. ती ऐकून मूल पळू लागते: एक पान या पुस्तकाचे, एक त्या पुस्तकाचे, मग मैत्रिणीची वही. 'अपूर्णांकांची बेरीज तुला येते, भागाकारात तू उलटा करायला विसरतेस, आज तेवढीच पाच गणिते कर' ही सूचना दिशा सांगते. परीक्षा तितकीच जवळ असते, मुलीच्या पोटात गोळाही असेल, पण तिला पाऊल कुठे टाकायचे ते ठाऊक असते. खुणा नसलेल्या भुलभुलैयाचेही तसेच. नापासाचा शेरा मिळाला, कुठे चुकले ते कळले नाही, आणि पुढच्या वर्षी पुस्तक नवे. अशा हरण्यातून शिकण्याची अपेक्षा आपण खेळाडूकडून करत नाही, मग विद्यार्थ्याकडून कशी करणार?

खेळात ही अडचण कंटाळ्यावर निभावते. खेळणारा यंत्र बंद करून उठतो. वर्गातून उठून जाण्याची सोय मुलांना नसते.

वर्गात करून पाहा

यासाठी संगणक लागत नाही. चौकटीचा कागद, पेन्सिल आणि एक फासा पुरे. शिक्षकाने ८ गुणिले ८ घरांचा एक भुलभुलैया काढून स्वतःजवळ लपवून ठेवावा. त्यात थोडे वळसे ठेवावेत आणि काठावर एक दार. खेळणारा विद्यार्थी एका कोपऱ्यात, रेक्स दूरच्या कोपऱ्यात. विद्यार्थ्याने 'पुढे, डावीकडे, उजवीकडे' एवढेच सांगायचे. समोर भिंत आहे की वाट, ते शिक्षक सांगतील. विद्यार्थ्याच्या प्रत्येक पावलानंतर फासा टाकावा. १, २ किंवा ३ पडले तर रेक्स एक घर जवळ येतो.

आता हाच डाव तीन प्रकारे खेळा. पहिल्या प्रकारात रेक्सबद्दल काहीच सांगायचे नाही. दुसऱ्यात फक्त अंतर सांगायचे: ८ पेक्षा जास्त घरे असतील तर 'शांत', ५ ते ८ असतील तर 'शोधतो आहे', ३ किंवा ४ असतील तर 'पावले जवळ', १ किंवा २ असतील तर 'पळ'. तिसऱ्यात अंतराबरोबर दिशाही सांगायची. प्रत्येक डावात तीन नोंदी ठेवाव्यात: सुटका झाली का, किती पावले पडली, आणि खेळणाऱ्याने स्वतःच्या भीतीला शून्य ते पाचपैकी किती गुण दिले.

एक काळजी घ्यावी. सगळ्यांनी तिन्ही प्रकार त्याच क्रमाने खेळले, तर शेवटच्या प्रकारापर्यंत सराव झालेला असेल आणि फरक सरावाचा की सूचनेचा ते कळणार नाही. म्हणून वर्गाचे गट पाडून प्रत्येक गटाचा क्रम वेगळा ठेवावा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे प्रयोगाचे मूलतत्त्व मुलांना इथे आपसूक पटते. आणखी एक प्रश्न वादाला चांगला आहे. अंतर भिंतींमधून सरळ मोजायचे, की बोळांतून चालत जायचे तसे? रेक्स भिंतीपलीकडच्या घरात असेल, पण तिथे पोचायला वीस पावले लागत असतील, तर 'पळ' म्हणणे बरोबर होईल का? मोठ्या मुलांना दोन्ही पद्धतींचे नियम लिहून काढायला सांगावे. प्रोग्रॅम लिहिण्याची ती पहिली पायरी आहे.

एखादे मूल खरोखरच घाबरत असेल तर त्याच्याकडे फासा द्यावा किंवा नोंदवही द्यावी. रेक्सची चाल हातात आली की भीतीचे काय होते, हेही त्यालाच विचारावे.

निकाल

मूळ खेळ ज्यांना पाहायचा आहे, त्यांना तो आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमद्वारे खेळता येतो. पाहण्यासारखा तो निश्चित आहे. रंग, आवाज आणि गुळगुळीत चित्र यांच्याशिवाय माणसाच्या मनात भीती कशी उभी करता येते, याचा त्याच्याइतका स्वच्छ नमुना क्वचितच सापडेल. रोज खेळण्यासारखा मात्र तो नाही, कारण तो घाबरवतो चांगला आणि शिकवतो कमी. आठवी-नववीच्या मुलांना एक तास दाखवावा, मग चौकटीचा कागद हातात द्यावा आणि विचारावे: हा खेळ तितकाच भीतिदायक ठेवून जास्त न्याय्य कसा करता येईल? मुले काय सुचवतात ते शिक्षकांनी लिहून ठेवावे. पुढची चाचणी तयार करताना ते उपयोगी पडेल.